वाचक विचारतात : पहिला ‘नको’ हाच शेवटचा

मागच्या अंकात मी द हेगमधल्या आमच्या शेजारपाजाराबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हटलं, नेदरलँड्सबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. सदतीस पत्रं आली! त्यांतली अकरा बिअरबद्दल. मी मूळची वेंगुर्ल्याची, 2009 पासून इथे, वेस्टलंडमधल्या एका काचघरवाल्याकडे हिशेब लिहिते. तो काचेखाली ढोबळी मिरची पिकवतो, मी त्याची बिलं पिकवते. बिअरमधला माझा अधिकार एवढाच, की शेजारच्या 74 वर्षांच्या निवृत्त ट्रामचालकांनी मला ती शिकवण्याचा विडा उचलला होता. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. तोंडाने मात्र नावानेच हाक मारायची, असा त्यांचा हुकूम. पहिलं वर्षभर माझी जीभ वळेना, सगळं ‘अहो’वर निभावलं. तेव्हा पुढे ‘काका’ आले की ते हे समजायचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझा मुलगा ऑगस्टमध्ये डेल्फ्टला शिकायला चाललाय. तिथले लोक दुपारी नुसता पाव खाऊन राहतात म्हणे. खरं का? त्याचं कसं व्हायचं? — एक बाबा, नाशिक

खरं आहे, बाबा. माझा कामावरचा पहिला दिवस सांगते. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात. साडेबाराला सगळे टेबलाभोवती बसले. सहा पुरुष, सहा प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकात चार स्लाइस आणि मधे चीजचा एक-एक काप. भाजी नाही, चटणी नाही, काकडीची चकतीसुद्धा नाही. मी डबा गरम करून आणला तसा वास पसरला आणि एकाने अगदी मनापासून विचारलं, “आज तुमच्याकडे काही सण आहे का?” दुपारी गरम जेवायचं म्हणजे तसंच काहीतरी कारण हवं, असा त्याचा हिशेब. गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला. सहा म्हणजे सहा. त्या वेळी कुणाच्या दारावरची बेल वाजवू नये हे मुलाला सांगून ठेवा.

पावावर काय घालतात ते ऐकाल तर हसाल. आधी लोणी, मग त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे, वाढदिवसाच्या केकवर आपण भुरभुरवतो ना, ते. लहान मुलांसाठी नव्हे हो, टाय लावलेले पन्नाशीचे साहेब खातात. लोणी पुरेसं नसेल तर दाणे टेबलभर घरंगळतात, म्हणून स्लाइस पालथा करून दाण्यांच्या ताटलीत दाबणारेही पाहिलेत. ह्याचं नाव ‘हाखलस्लाख’. शब्दशः अर्थ गारपीट. द्राक्षवाल्या नाशिककरांच्या पोटात हा शब्द ऐकून गोळा येईल, पण इथे गारपीट रोज सकाळी होते आणि कुणी पंचनामा मागत नाही. शेंगदाण्याच्या लोण्याला ‘पिंडाकास’ म्हणतात, म्हणजे शेंगदाण्याचं चीज. त्यात चीजचा कणभर अंश नाही. जिरं घातलेलं चीज मात्र खरोखर मिळतं. माझ्या माहेरच्यांना सगळ्या चीजांमध्ये तेवढं एकच पसंत पडलं.

आता धीराची गोष्ट. आमचे मालक दुपारी पावाबरोबर पेलाभर पांढरं काहीतरी घटाघटा प्यायचे. मला वाटलं दूध. एकदा मागून घेतलं, तर ताक! आंबट, जरा दाटसर, बिनसाखरेचं, सरळ सरळ ताक. ‘कार्नेमेल्क’ नावाने कुठल्याही सुपरमार्केटात लिटरच्या डब्यात मिळतं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी कढी केली आणि भातावर ओतून दोन ताटल्या जेवले. नवऱ्याने विचारलं, रडतेस का? म्हटलं, आलं जरा तिखट झालंय. तुमच्या मुलाला कढी करायला शिकवून पाठवा. ज्याला कढी आणि भात येतो तो डेल्फ्टमध्ये उपाशी राहत नाही.

डच माणसं कंजूष असतात असं आमचा जावई सांगतो. एका बिस्किटावर पाहुण्याची बोळवण करतात म्हणे! — डोंबिवली

जावयाचं निम्मं बरोबर आहे. ही गोष्ट मी स्वतः सोसली आहे, आणि चूक माझीच होती.

इथे आल्यावर महिन्याभरात काकांच्या बायकोने मला कॉफीला बोलावलं. वेळ सकाळी साडेदहा, तारीख पंधरा दिवस पुढची, तिने ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहूनही ठेवली. मी गेले. तिने पत्र्याचा डबा उघडून पुढे केला, आत मधाच्या रंगाच्या, पाकाच्या सारणाच्या वेफरी, स्ट्रोपवाफल. मी आपल्या वळणानुसार म्हटलं, “नको नको, कशाला!” ती “बरं” म्हणाली आणि तिने झाकण लावलं. टक्. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी त्या बंद डब्याकडे बघत काळी कॉफी संपवली. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा शिष्टाचार असतो, दुसरा लाज असते, तिसऱ्यानंतर पानात लाडू पडलेलाच असतो. इथे पहिला ‘नको’ हाच शेवटचा. समोरच्याने नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. दुसऱ्या खेपेला मी डबा उघडायच्या आतच “हो” म्हटलं. ती खूष झाली आणि मला एक वेफर मिळाली. एकच. ती गरम कॉफीच्या कपावर झाकणासारखी ठेवायची, वाफेने आतला पाक मऊ होतो, मग खायची. हे तिने मला इतक्या मायेने शिकवलं की दुसरी मागायचं सुचलंच नाही.

पैशांचं म्हणाल तर, चौघं मिळून जेवायला गेलो आणि एकाने बिल भरलं की घरी पोचायच्या आत फोनवर आपल्या वाट्याची मागणी येते. 2016 पासून त्यासाठी ‘टिकी’ नावाचं अ‍ॅपच आहे आणि ‘टिकी पाठव’ हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य झालं आहे. मला पहिल्यांदा फार लागलं. एका कपाच्या चहाचे 2 युरो 60 सेंट मागितले होते! आता मीही पाठवते, पण चहाचे नाही. तेवढी वेंगुर्ल्याची आहे अजून.

पण हेच काका, मी बाळंत झाले आणि नवरा नेमका जर्मनीत अडकला होता, तेव्हा पाच दिवस रोज सकाळी सातला आमचा कचरा बाहेर नेऊन ठेवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. आणि एकदाही त्यांनी “चहा घेणार का” हे ऐकायला दारात थांबायचं नाव घेतलं नाही.

बाळ जन्मलं की तिथे पेढे वाटतात का? — सांगली

टोस्ट वाटतात. गोल टोस्ट, वर लोणी, त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची बी. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा तर निळी-पांढरी. बीला बारीक देठ राहतो तो शेपटीसारखा दिसतो, म्हणून नाव ‘माउश्येस’, म्हणजे चिमुकले उंदीर. या बीने बाळंतिणीला दूध चांगलं येतं अशी जुनी समजूत. माझ्या आईने हे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे बाळंतशोपाच की!” बी वेगळी, पण आईचं म्हणणं खोडून काढायची माझी हिंमत नाही.

आमच्याकडे इथे हाइनेकेन मिळते. मग तिकडे जाऊन बिअरमध्ये वेगळं काय चाखायचं? काय खास? — पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर आणि आणखी आठ ठिकाणांहून. सगळे पुरुष.

वाटलंच होतं!

हाइनेकेन अ‍ॅमस्टरडॅमची, 1864 सालची. तुम्ही तिकडे जी किंगफिशर पिता, ती बनवणाऱ्या कंपनीची सूत्रंही 2021 पासून हाइनेकेनच्याच हाती आहेत, तेव्हा तुमचं नातं आधीच जुळलेलं आहे. काकांना विचाराल तर ते हाइनेकेनला हात लावत नाहीत. ते ग्रोल्शवाले. इथला ‘ग’ घशातून खरवडून काढायचा असतो, त्यामुळे ऐकू येतं ‘ख्रोल्स’. (गौडा चीजचंसुद्धा ‘खाउदा’ होतं. मी दुकानात ‘गौडा’ म्हटलं तेव्हा दुकानदाराला कळलं नाही, आणि मला एकदम आपले माजी पंतप्रधान आठवले.) ग्रोल्शचं मूळ 1615 सालचं, पूर्वेकडच्या ख्रुन्लो गावचं. तिची खूण म्हणजे बाटली. बूच तारेच्या कडीने अडकवलेलं. अंगठ्याने कडी वर रेटली की ‘प्लॉप्’ होतं. गोटी सोडा फोडताना लहानपणी जी मजा यायची तीच. ही बाटली 1897 पासून चालत आली आहे. काका बिअर पिण्यापेक्षा बाटली उघडण्यासाठी ती आणतात असा मला संशय आहे.

पण खरं शिक्षण बाटलीत नाही, नळाशी आहे. आमच्या कोपऱ्यावर एक ‘तपकिरी कॅफे’ आहे. भिंती, छत, दारं, सगळं चहाच्या रंगाचं. रंग दिलेला नाही, शंभर वर्षांच्या तंबाखूच्या धुराने चढलेला आहे. 2008 साली आत ओढायला बंदी आली, पण रंग तसाच ठेवला. टेबलांवर चादर नाही, चक्क गालिचे अंथरलेले! मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या वाड्यातली माजघराची खोली आठवली, तोच अंधार, तोच लाकडाचा वास.

तिथली बाई बिअर कशी ओतते ते बघत राहावं. आधी पेला थंडगार पाण्यात ब्रशवर फिरवून काढते. पुसत नाही, ओलाच ठेवते. मग तिरका धरून नळ एकदम पूर्ण उघडते, थेंब थेंब नाही. पेला भरत आला की सरळ करते. फेस वर येतो, काठाबाहेर उतू जातो, अगदी दूध उतू जावं तसा. मी पहिल्या वेळी “अहो, गेलं!” म्हणून ओरडले होते. ती शांत. एक बोथट, सुरीसारखी पट्टी पाण्यात बुडवून काठावरून सर्रकन ओढते, मोठे मोठे बुडबुडे कापून काढते आणि खाली राहतो तो साईसारखा घट्ट, बारीक फेस. दोन बोटं उंच. कमी नाही, जास्त नाही. काका खरोखर दोन बोटं आडवी धरून मोजतात. भारतात बिअरला फेस आला की लोक “फसवलं” म्हणतात. इथे फेस नसेल तर पेला परत पाठवतात, कारण फेसाखाली बिअरचा वास आणि गारवा राहतो.

आणि पेला केवढा? पाव लिटर, कधी त्याहूनही लहान. पुणेकर ऐकून म्हणतील, ही काय देवळातल्या तीर्थाची पळी? पण गार असताना संपावा आणि दुसरा ताजा यावा, हे त्यातलं गणित. घरी नुसत्या पिल्सची, म्हणजे रोजच्या साध्या सोनेरी बिअरची, सवय झाली की पुढच्या पायऱ्या आहेत. टिलबुर्खजवळ कोनिंगस्हूवन नावाचा मठ आहे, तिथे 1884 पासून बिअर बनवायची मद्यशाळा आहे. ला ट्राप हे त्या बिअरचं नाव. तिची क्वाड्रुपेल 10 टक्क्यांची आहे, साध्या पिल्सच्या दुप्पट. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ची सवय असलेले भाऊ तिला हलक्यात घेतात आणि मग त्यांना सायकलवरून नव्हे, सायकलसकट घरी आणावं लागतं. शरद ऋतूत ‘बोक’ येते, गडद, गोडसर, गुळाच्या पाकाची आठवण करून देणारी. माझी आवडती तीच, वर्षाला दोन पेले. अ‍ॅमस्टरडॅमला जाल तर एका पवनचक्कीच्या पायथ्याशी जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात 1985 पासून ‘आय’ नावाची छोटी मद्यशाळा आहे, तिथे उन्हात बाहेर बसा.

एक प्रकार मात्र काकांच्या नादाने करू नका. त्याचं नाव ‘कोपस्टोट’, म्हणजे डोक्याची टक्कर. बिअरच्या शेजारी येनेव्हर नावाच्या कडक दारूचा छोटा पेला येतो, काठोकाठ भरलेला, इतका की उचलला तर सांडणार. म्हणून हात पाठीमागे बांधून, टेबलावर वाकून पहिला घोट ओठांनीच ओढायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस असा वाकलेला पाहिला की मला पाणवठ्यावरची गुरं आठवतात. नाव टक्कर का, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

सोबत काय खातात? चकली-शेव नाही. चीजचे चौकोनी तुकडे मोहरीच्या चटणीत बुडवून, नाहीतर ‘बिटरबालन’. बाहेरून कुरकुरीत, आत मांसाचा लगदा, लाव्हारसासारखा तापलेला. चावू नका, आधी फोडून ठेवा. माझ्या नवऱ्याच्या टाळूला आठवडाभर फोड होता.

संभाजीनगरच्या वाचकांनी विचारलंय, परमिट लागतं का? नाही. ‘परमिट रूम’ म्हणजे काय हे मी काकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. दारू प्यायला सरकारी परवाना, बिअरला 21 पूर्ण आणि कडक दारूला 25! त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. इथे 2014 पासून सगळ्यालाच 18 ची अट आहे, आधी बिअरला 16 होती. बिअर किराणा दुकानात दुधाच्या पलीकडच्या फडताळात असते, कडक दारूला मात्र वेगळं दुकान. आणि हो, रिकाम्या बाटल्या फेकू नका. काचेच्या बाटलीमागे 10 सेंट, डब्यामागे 15 सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की चिठ्ठी येते. आमच्या लेकीचा खाऊचा सगळा खर्च काकांच्या रिकाम्या बाटल्यांवर चालतो. बाटली-भंगारवाल्याचं काम पोरगी करते.

तिथे कच्चा मासा शेपटीला धरून गिळतात असा व्हिडिओ पाहिला. मालवणी बाई म्हणून तुमचं मत काय? — मालवण

ह्या प्रश्नाची मी वाट बघत होते.

माझी आई 2016 साली आली होती. तिला घेऊन स्खेवेनिंगनला गेले. तो आमचा समुद्रकिनारा, ट्रामने वीस मिनिटं. जून महिना, नवीन हेरिंग नुकताच आलेला, बंदरावर पताकाच पताका. गाडीवरचा माणूस नखाएवढ्या सुरीने मासा साफ करत होता. एक बाई पुढे झाली, शेपटीला धरून मासा बारीक चिरलेल्या कांद्यात घोळवला, मान मागे टाकली आणि खाल्ला. आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, “मांजरासारकी खातत गो ही माणसां!”

तेव्हा मला सात वर्षं झाली होती आणि मीही तोपर्यंत खाल्ला नव्हता. मासे खाणाऱ्या माणसालाच कच्च्या माशाची जास्त शिसारी येते, हे तुम्ही मालवणकर समजू शकाल. मांसाहार न करणारा फक्त नाक मुरडतो. आपल्याला मासा कसा असायला हवा हे ठाऊक असतं, म्हणून जीवच जातो.

पण तो कच्चा नाही. तो मुरलेला आहे. मासा पकडला की कल्ले आणि आतडी काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्यातल्या रसाने आणि थोड्या मिठाने मांस आतून पिकत जातं. मिठातली कैरी जशी कच्चीही नसते आणि शिजलेलीही नसते, तसं. मधे तो चांगला गोठवतातही, जंत असले तर मरावेत म्हणून. वसंतात उत्तर समुद्रात चारा भरपूर, मासा खाऊन खाऊन लठ्ठ होतो. चरबी निदान 16 टक्के भरली तरच त्याला ‘हॉलंडसे निउवे’, म्हणजे नवा हॉलंडी, म्हणता येतं. म्हणून तो फक्त जूनपासून. आपल्याकडे तारली जशी पाऊस सरल्यावर तेलकट होऊन येते ना? हेरिंग तारलीचाच चुलता आहे, एकाच घराण्यातला. बांगडा समजू नका.

त्या दिवशी आईने माझ्याकडे बघून म्हटलं, “खा बघू तू आधी.” कोळणीच्या टोपलीशी बसून ज्या बाईने मला कल्ले उघडून बघायला शिकवलं, तिच्यासमोर मागे हटायची सोय नव्हती. मी गाडीवाल्याला तुकडे करून द्यायला सांगितलं, शेपटीला धरायचं धाडस नव्हतं. पहिला तुकडा जिभेवर ठेवला. वास नाही! काहीच वास नाही. शहाळ्यातली कोवळी मलई जशी दाताला लागतच नाही तसा मऊ, मग मीठ, मग मागाहून समुद्र. कांद्याने सगळं नेटकं आवरून घेतलं. आईने एक तुकडा चाखला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “तिरफळ हवी होती.” म्हणजे पास.

तिरफळांचं तिखलं मी इथल्या ‘माक्रेल’चं करते. तो आपल्या बांगड्याहून मोठा आणि तेलकट, पण चालतो.

जाता जाता : आमच्या वेंगुर्ल्यात डचांची सतराव्या शतकातली वखार आहे, पडकी. आम्ही लहानपणी तिच्यात लपाछपी खेळायचो आणि ‘वखार’ म्हणजे लाकडांची असणार असं धरून चालायचो. डच म्हणजे कोण ते मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

भाच्याने तिथून काळ्या गोळ्या आणल्या. तोंडात टाकल्या आणि बेसिनकडे धावलो. हे काय आहे? — कराड

‘ड्रॉप’. ज्येष्ठमधाची गोळी. इथपर्यंत आपलं जमतं, पण तुम्हाला खारी जात मिळाली. तिच्यात ‘साल्मियाक’ असतो. साल्मियाक म्हणजे काय हे मी शोधलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. नवसागर! कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, तोच नवसागर. इथली पोरं तो चघळत शाळेत जातात. भाच्याला पुढच्या वेळी गोड ड्रॉप आणायला सांगा, किंवा नकोच सांगा. पहिल्याच वेळी.

आम्ही माळकरी. लेकीकडे तीन महिने राहायला येतोय. आमचं काय? — पंढरपूर

घरी तुमची काही अडचण होणार नाही. भाज्या, डाळी, तांदूळ, सगळं मिळतं आणि शाकाहार इथे आता कुणाला नवा नाही. बाहेर एवढंच जपा : हिवाळ्यातल्या वाटाण्याच्या दाट सुपात (त्यात चमचा उभा राहतो) डुकराचं मांस असतं. कुठल्याही तळलेल्या कुरकुरीत गोष्टीत मांस आहे असं समजूनच विचारा. आणि चीज विरजायला बरेचदा वासराच्या पोटातला रस वापरतात, तेव्हा वेष्टन लेकीकडून वाचून घ्या.

तिथे भारतीय जेवण मिळतं का? — नागपूर

हॉटेलं आहेतच, पण त्यांची शिफारस मी करणार नाही. द हेगमध्ये ‘रोटी’ खा. 1873 साली ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजुरांना घेऊन डचांच्या सुरीनाममध्ये गेलं. 1916 पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास लोक गेले, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले. 1975 ला सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांची नातवंडं मोठ्या संख्येने इथे आली, त्यातली पुष्कळ द हेगमध्ये.

आमच्या बाजारापाशी एक आजीबाई दुकान चालवतात. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ रोटी, कोंबडीचा रस्सा, बटाटा, उकडलेलं अंडं आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा. त्या शेंगा आमच्या परसातल्याच! ‘बारा’ मागा, तो उडदाच्या पिठाचा वडा, आत अळूसारखं पान चिरून घातलेलं. पिवळी गोल मिरची दिली तर तिला मान द्या, लवंगी मिरची तिच्यापुढे शाळकरी पोर. आजीबाई पाचव्या पिढीतल्या, भारत पाहिलेला नाही. त्या मला विचारतात, “तोहार घर कहाँ बा?” आणि मी मराठी बाई कोकणी हेल काढून डचमध्ये उत्तर देते.

येताना काय आणू? — एक मावशी, ठाणे

तूप, पेढे, बर्फी, पनीर आणू नका. दुधाचं आणि मांसाचं काही बाहेरून युरोपात आणता येत नाही. आंबे आणि कढीपत्ता कागदपत्रांशिवाय नकोत. नारळाला मात्र मुभा आहे, पण इथे मिळतो, सामानाचं वजन वाया घालवू नका. सोलं आणा. तिरफळ आणा. गोडा मसाला घट्ट बांधून आणा, नाहीतर पुढची चार वर्षं बॅगेला वास येईल.

आणि सुकी मासळी. ती घरच्या खाण्यापुरती आणता येते. मागच्या मे महिन्यात वहिनीने सुका जवळा पाठवला. खिडक्या लावून, पंखा सुरू करून भाजला, तरी दहा मिनिटांत काका दारात. मी माफी मागायच्या तयारीत. ते म्हणाले, “हे काय शिजतंय?” सांगितलं. खोबरं, लसूण, मिरची घालून चटणी वाटलीच होती. त्यांनी घरून स्लाइस आणि लोणी आणलं, ग्रोल्शची बाटली आणली, प्लॉप् केलं. लोण्यावर जवळ्याची चटणी पसरली, अगदी गारपिटीसारखी, सगळीकडे सारखी, आणि सुरीने हलकी दाबली. खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, बिअरचा घोट घेतला, काही बोलले नाहीत.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पंधरा वर्षांत तेवढं शिकले आहे. त्यांनी ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.